रिसेप्टर आहे म्हणे!

"कुत्र्याच्या मेंदूत गांजाचे रिसेप्टर असतातच. निसर्गानेच ठेवलेत. मग द्यायला काय हरकत आहे?"

हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीन वेळा ऐकलं. एकदा सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांकडून, एकदा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि एकदा नेरुळमधल्या एका पेट शॉपच्या काउंटरवर. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा समोर विजयाच्या अर्काची हिरवी बाटली होती आणि तिच्यावर जीभ काढून हसणारा गोल्डन रिट्रीव्हर. फिट येणाऱ्या कुत्र्यांसाठी "रामबाण". दुकानदार अतिशय गोड बोलणारा. सेरेटोनिन, एंडोकॅनाबिनॉइड, सीबी-वन, सीबी-टू असे शब्द तो मसाला डोशाच्या ऑर्डरसारखे घडाघडा म्हणत होता.

तर मंडळी, आज भांडण या एका वाक्याशी. गांजाशी नाही, आयुर्वेदाशी नाही, कुत्र्यांशी तर नाहीच नाही :)

आधी खरं काय ते मान्य करू. रिसेप्टर आहे. १९८८ साली तो उंदराच्या मेंदूत पहिल्यांदा पकडला गेला, १९९० साली त्याचं जनुक सापडलं. मग प्रश्न आला की मेंदूत कुलूप आहे तर शरीराची स्वतःची किल्लीही असणार. ती १९९२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मेखुलाम यांच्या प्रयोगशाळेत मिळाली, आणि तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. हो, आपल्याच 'आनंद' वरून. हे कळलं की आपल्याकडे लगेच "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" सुरू होतं. नाव संस्कृत आहे हे खरं. पण तो रेणू वेगळा काढला डुकराच्या मेंदूतून. ग्रुपवर फॉरवर्ड करताना एवढा भाग नेहमी गळतो.

हा सीबी-वन करतो काय? आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसं काहीसं. टाकी भरत आली की तरंगणारा गोळा वर जातो आणि येणारं पाणी बंद होतं. मेंदूतही संदेश घेणाऱ्या पेशीवर मारा फार झाला की ती स्वतः आनंदामाइडच्या जातीचा रेणू तयार करते. तो उलटा, संदेश पाठवणाऱ्या पेशीकडे जातो, तिथल्या सीबी-वनवर बसतो आणि सांगतो, बाई, जरा दमानं. हा उलटा प्रवास २००१ साली स्पष्ट झाला. फिट म्हणजे असंख्य पेशींनी एकदम आणि एका तालात केलेला आरडाओरडा. तेव्हा असा बॉलकॉक महत्त्वाचा असणार हे कुणालाही पटेल.

कुत्र्यांमध्येही हे पाहिलंय. जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने २०१३ साली फिट येणाऱ्या कुत्र्यांच्या मेंदू-मणक्यातलं पाणी तपासलं, तर त्यात आनंदामाइड निरोगी कुत्र्यांपेक्षा जास्त होतं. २०१७ साली तिथल्याच लोकांनी निरोगी कुत्र्याच्या मेंदूत सीबी-वन कुठे कुठे आहे त्याचा नकाशा काढला. मेंदूच्या वरच्या थरात आहे, हिप्पोकॅम्पसमध्ये आहे (फिट जिथून उठू शकते त्या जागांपैकी ही एक), लहान मेंदूत आहे, अगदी मज्जारज्जूपर्यंत आहे. म्हणजे दुकानदाराच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा.

लोचा आहे तो "मग" या शब्दात.

निकोटिनचे रिसेप्टरही कुत्र्याच्या मेंदूत असतात. अफूचे असतात. म्हणून कुणी मोत्याला जेवणानंतर बिडी देत नाही. रिसेप्टर असणं म्हणजे तिथे काहीतरी घडू शकतं, इतकंच. ते चांगलं घडेल की वाईट, हे रिसेप्टर सांगत नाही. आणि आनंदामाइड वाढलेलं दिसलं त्याचे अर्थ तरी किती निघतात! आग लागलेल्या इमारतीखाली बंब उभा दिसला म्हणून बंबाने आग लावली असं नाही, आणि आणखी चार बंब पाठवले की आग नक्की विझेल असंही नाही. शिवाय सीबी-वन हा मेंदूला चेतवणाऱ्या पेशींवर असतो तसा मेंदूला शांत करणाऱ्या पेशींवरही असतो. टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपचा बॉलकॉक बंद झाला तर ठीक, पण आग विझवायच्या पाइपचाच बंद झाला तर? प्रयोगशाळेत बनवलेले काही तगडे कॅनाबिनॉइड माणसांमध्ये फिट आणतात, ते उगीच नाही.

आता खरी गंमत. ज्या सीबीडीच्या नावाने हा बाजार उभा आहे, ते सीबीडी या सीबी-वन रिसेप्टरवर धड बसतच नाही! त्याची पकड तिथे अगदीच ढिली. फिट कमी करण्यात त्याचा जो काही उपयोग होत असेल तो बहुधा दुसऱ्याच दारांतून होतो, आणि त्यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही. सीबी-वनवर नीट जाऊन बसतं ते टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य. म्हणजे "रिसेप्टर आहेत म्हणून द्या" हा युक्तिवाद खरा धरला तर तो टीएचसीची वकिली करतो. आणि टीएचसी कुत्र्याला देणं ही चैन नाही, विषबाधा आहे. कुत्र्याच्या लहान मेंदूत आणि मेंदूच्या खालच्या भागात हे रिसेप्टर फार दाट असतात. म्हणूनच चुकून गांजा किंवा भांगेचा लाडू खाल्लेला कुत्रा उभ्या उभ्या डुलतो, पाय फाकवतो, लघवी गळते, आवाजाला दचकतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही पशुवैद्याला विचारा.

हे डुलणं आपल्या देशात १८३९ सालीच नोंदवून ठेवलंय. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर होता (भारतात तारयंत्र आणणारा तोच, अचाट माणूस). त्याने एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला नेपाळी चरस दिली आणि घड्याळ लावून बसला. कुत्रा अर्ध्या तासात पेंगायला लागला, मधेच उठून शेपटी हलवू लागला, अधाशासारखा जेवला, आणि हाक मारल्यावर झोकांड्या खात आला. सहा तासांनी ठणठणीत. ओशॉनेसीने इतर जनावरांवरही प्रयोग केले आणि लिहून ठेवलं की मांसाहारी प्राण्यांना नशा चढते, गवत खाणाऱ्यांना फारशी नाही. त्यानेच पुढे झटके येणाऱ्या एका तान्ह्या मुलीला भांगेचा अर्क दिला आणि ती बरी झाली, तेही लिहिलं. मला हा माणूस आवडतो तो एका कारणासाठी. आधी प्रयोग केला, किती दिलं ते लिहिलं, काय झालं ते लिहिलं, आणि पिसाळलेला कुत्रा चावलेल्या रुग्णाला अर्काने आराम मिळाला पण तो वाचला नाही, हेही लपवलं नाही. जवळजवळ दोनशे वर्षांनी आपल्या बाटलीवर फक्त गोल्डन रिट्रीव्हर.

"अगं पण सीबीडीने फरक पडतो असं अमेरिकेत सिद्ध झालंय" असं माझी नणंद म्हणते. काय सिद्ध झालंय ते बघू या की. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीने २०१९ साली पहिली नीट चाचणी छापली. नेहमीची औषधं चालू असूनही फिट न थांबणारे २६ कुत्रे. बाराजणांना सीबीडी, चौदाजणांना नुसतं तेल, आणि कुणाला काय मिळतंय हे मालकालाही माहीत नाही. सीबीडीवाल्यांच्या फिट मध्यमानाने ३३ टक्क्यांनी कमी झाल्या. छान. पण फिट निम्म्यावर आलेल्या कुत्र्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. २०२२ साली फ्लोरिडातल्या १४ कुत्र्यांच्या एका चाचणीत सहाजणांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, नुसत्या तेलावर एकाच्याही नाही. हा आजवरचा सगळ्यात आशादायक निकाल. २०२३ साली पुन्हा कोलोरॅडो, यावेळी ५१ कुत्रे आणि मोठा डोस. फिट येण्याचे दिवस २४ टक्क्यांनी घटले, नुसत्या तेलावर जवळपास ६ टक्क्यांनी वाढले. पण निम्म्यावर येणाऱ्यांत पुन्हा ठळक फरक नाही, आणि लिव्हरची एंझाइम्स वाढली.

माझं वाचन असं सांगतं की यात काहीतरी आहे. पण जे आहे ते "जोडीला देऊन पाहण्यासारखं" आहे. या तिन्ही चाचण्यांत एकाही कुत्र्याचं मूळ औषध काढून घेतलेलं नव्हतं. एकाही नाही! ही ओळ मी मुद्दाम उद्गारचिन्हासकट लिहितेय.

आणि ज्यांना "आमच्या शेजारच्यांच्या कुत्र्याला फरक पडला" हा पुरावा वाटतो त्यांच्यासाठी २०१० सालचा एक अभ्यास. फिटवरच्या तीन चाचण्यांमधल्या, फक्त खोटं औषध मिळालेल्या २८ कुत्र्यांचा हिशोब त्यात मांडलाय. त्यातल्या २२ जणांच्या फिट कमी झाल्या होत्या, आठजणांच्या तर निम्म्याहून जास्त. कुत्र्याला काय कळणार प्लासिबो? बरोबर, त्याला कळत नाही. पण फिट लाटांसारख्या येतात. आपण दुकानात धावतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा तसाही थोडा बरा असतो. आपल्याकडे माणसाला आकडी आली की चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात. दोन-तीन मिनिटांत आकडी थांबते (ती बहुतेक वेळा आपली आपणच थांबते) आणि श्रेय चपलेला. आता चपलेच्या जागी बाटली आली. चप्पल निदान घरचीच असायची.

त्या बाटलीचं गणित मी घरी येऊन केलं. ३० मिली, आत १००० मिलिग्रॅम "विजया अर्क", डोस रोज दोन वेळा पाच थेंब. अर्क म्हणजे सीबीडी नव्हे. त्यात सीबीडी किती, टीएचसी किती, याचा कागद मागितला तर "मॅडम, पूर्ण नॅचरल आहे" हे उत्तर. चला, दुकानदाराच्या बाजूने उदार होऊन धरू की हजारच्या हजार मिलिग्रॅम सीबीडीच आहे. पाच थेंब म्हणजे साधारण पाव मिली, म्हणजे आठ मिलिग्रॅम. दिवसाला सोळा-सतरा. कोलोरॅडोच्या पहिल्या चाचणीत दर किलोला अडीच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा दिलं होतं. ३० किलोच्या लॅब्रेडॉरला ते होतात रोजचे १५०. म्हणजे बाटलीवरचा डोस चाचणीतल्या डोसच्या नवव्या हिश्शाएवढा, तोही अर्क शुद्ध सीबीडी असेल तर. चाचणीइतका द्यायचा म्हटलं तर बाटली साडेसहा दिवसांत संपेल. २०२३ सालच्या डोसने चार दिवसही नाही पुरणार. आणि शेजारच्या फळीवर "हेम्प सीड ऑइल" होतं, त्यावरही तोच कुत्रा. भांगेच्या बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच. ते पौष्टिक तेल आहे, चटणीवर घ्या.

इतकं चिडायचं कारण घरातलं आहे. खारघरला माझ्या मावसभावाकडे चार वर्षांचा ब्रुनो आहे. (दादाने लिहायची परवानगी दिली आहे, "माझं नाव तेवढं टाकू नकोस" या अटीवर.) अडीच वर्षांचा असताना पहिली फिट. सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडलं नाही. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होणाऱ्या, कारण न सापडणाऱ्या अपस्मारात हे नेहमीचंच, आणि लॅब्रेडॉर ही जात त्यासाठी कुप्रसिद्ध. फिनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याला दोन-तीनवरून गाडी चार-पाच महिन्यांतून एकावर आली. पण गोळ्यांनी ब्रुनो खा-खा करायचा, घटाघटा पाणी प्यायचा, वजन वाढलं, रात्री दोनदा खाली न्यावं लागायचं. वहिनी वैतागली होती, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. अशा वेळी एका दुकानात सांगितलं गेलं की त्या केमिकल गोळ्या लिव्हर खातात, या तेलावर आल्यावर गोळ्या बंदच करा. शुक्रवारी गोळ्या बंद झाल्या. रविवारी रात्री अकरा ते दोन या वेळात ब्रुनोला चार फिट आल्या. चौथी थांबेचना. रात्री टॅक्सी मिळेना, सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्वतःची गाडी काढली. ब्रुनो वाचला. दोन दिवस त्याला दिसत नव्हतं, भिंतीवर जाऊन आपटत होता.

फिनोबार्बिटोन अचानक थांबवलं की मेंदू असा उसळतो, हे औषध वापरणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. ते कमी करायचंच असेल तर आठवडे, महिने घेऊन पायरी-पायरीने. हे औषध माणसांच्या फिटवर १९१२ सालापासून वापरात आहे. जुनं, स्वस्त, कंटाळवाणं. त्याच्यावर कुणी हसणारा रिट्रीव्हर छापत नाही. पण २०१२ साली एका चाचणीत नव्याने निदान झालेल्या २० कुत्र्यांपैकी १७ जणांच्या फिट त्याने चाचणीच्या काळात पूर्ण थांबल्या, पोटॅशियम ब्रोमाइडने २३ पैकी १२ जणांच्या. आणि ते लिव्हरला त्रास देऊ शकतं हे दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. त्याच्यावरचा उपाय रक्त तपासणं हा आहे, औषधाची पातळी आणि लिव्हर दोन्ही. गंमत बघा, लिव्हरचं अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एंझाइम फिनोबार्बिटोननेही वाढतं आणि सीबीडीनेही. लिव्हर वाचवायला तेल आणलं म्हणे!

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, कारण तीही मला कमी छळत नाही. पशुवैद्याकडे सीबीडीचा विषय काढला की काहीजण "गांजाबिंजा आमच्याकडे नाही" म्हणून हात झटकतात. हे उत्तर नाही. माणसांमध्ये शुद्ध सीबीडीचं एपिडिओलेक्स हे औषध अमेरिकेने २०१८ साली मुलांच्या दोन अवघड अपस्मारांसाठी मंजूर केलं, तेव्हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. आपला १९८५ सालचा एनडीपीएस कायदा गांजाचे शेंडे आणि चरस यांना बंदी घालतो, शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळतो. त्या फटीतून पानांचा अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून येतो. येऊ दे, माझी काही तक्रार नाही. पण डॉक्टरने तोंड फिरवलं की माणूस जातो काउंटरवर, आणि तिथे त्याला "रिसेप्टर आहेत" हे ऐकायला मिळतं.

परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी जनावरांचं एवढं मोठं रुग्णालय आहे. नवी मुंबई, ठाणे, पनवेल इथून फिट येणारे कुत्रे तिथे जातातच. तीस-चाळीस कुत्रे, मूळ औषध चालू ठेवून, अर्धे सीबीडीवर, अर्धे नुसत्या तेलावर, सहा महिन्यांनी अदलाबदल. अर्क विकणाऱ्या कंपन्यांकडूनच माल आणि पैसे घ्या, चाचणी मात्र त्यांच्या हातात देऊ नका. आपल्याकडच्या कुत्र्यांवर ती व्हायला हवी याला कारणही आहे. वर सांगितलेल्या तिन्ही चाचण्या अमेरिकेतल्या, तिथल्या लसी घेतलेल्या, घरात वाढलेल्या कुत्र्यांवरच्या. आपल्याकडे झटके येणारा कुत्रा पाहिला की आधी डिस्टेंपर आठवावा लागतो, रेबीजही मनात ठेवावा लागतो, मग उंदराचं औषध वगैरे विषं. आमच्या सेक्टरमध्ये गेल्या वर्षी एका भटक्या पिल्लाला कुणीतरी प्रेमाने आठवडाभर हेच तेल पाजलं. त्याला डिस्टेंपर होता. ते गेलं.

असो. ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांच्यासाठी, कारण काकू विचारणारच. फिट आली की तोंडात हात, चमचा काही घालू नका, जीभ तो गिळत नाही. पंखा लावा, टेबलाचे कोपरे दूर करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली, किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर थेट दवाखाना. गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम घरी ठेवायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. तेल द्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या आणि सीबीडी, टीएचसी दोन्हींचे आकडे असलेला लॅबचा कागद आधी मागा, तो नसेल तर बाटली परत. आणि गोळ्या संपायच्या दोन आठवडे आधी आणा. फिनोबार्बिटोन प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही, चिठ्ठीशिवाय तर नाहीच. गणपतीत ब्रुनोच्या गोळ्यांसाठी दादाला खारघरहून वाशीपर्यंत पाच दुकानं फिरावी लागली होती.